पाच टक्क्यांची सूट आणि फ्रिजचा कोड

ताई, सप्रेम नमस्कार.
मी मूळची मिरजेची. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात बाळंतपणं करते. आमच्या ग्रुपमध्ये चार डॉक्टर आणि दोन मिडवाइफ, गावात हॉस्पिटल एकच. परवा विमा कंपनीचं पत्र आलं: प्रसूती-सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या डॉक्टरला मालप्रॅक्टिसच्या, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांच्या, विमा-हप्त्यात ५ टक्के सूट. माझा हप्ता वर्षाला ६०,००० डॉलर, म्हणजे ३,००० वाचतील. पर्याय दोन. घरी बसून चार तासांचा ऑनलाइन कोर्स, नाहीतर नर्सेसबरोबर अख्खा दिवस सिम्युलेशन, म्हणजे खोट्या प्रसंगावर खरा सराव. पण दिवस मोडला की क्लिनिकचे दोन-अडीच हजार बुडतात, मग वाचलं काय? आमचे सीनियर पार्टनर म्हणतात, "क्लिक-क्लिक कर आणि मोकळी हो." शिवाय त्यांचं म्हणणं, प्रशिक्षण घेतल्याचा कागद राहिला की उद्या कोर्टात वकील त्याच कागदावर बोट ठेवणार. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून झोप येत नाही. जाता जाता, कोल्हापूरला माझी धाकटी बहीण नर्सिंग होम चालवते. असली सूट तिला मिळेल का?
– रात्रपाळीवाली

प्रिय रात्रपाळीवाली,

तू ताई म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगं करणार. परळला वाडियात शिकून इकडे आले आणि सव्वीस वर्षं बाळंतपणं केली. आता ड्यूटी नाही, पण रात्री दोनला फोन वाजला की अजून पाय आधी जमिनीवर येतात आणि मग जाग येते. तुझी झोप का उडाली हे मला वेगळं सांगायला नको.

आधी पैशाचं बोलू, कारण तिथे तुझा हिशेब थोडा चुकलाय. ६०,००० मध्ये एमकेअरची वर्गणी धरली आहेस का? पेनसिल्व्हेनियात तुझा विमा दोन मजली असतो. २००२ च्या एमकेअर कायद्याप्रमाणे डॉक्टरकडे दर घटनेमागे १० लाख डॉलरचं संरक्षण लागतं. खालचे ५ लाख तुझी कंपनी देते, वरचे ५ लाख राज्याचा एमकेअर फंड. त्या फंडाची वर्गणी तुझ्या कंपनीच्या बिलावरून काढत नाहीत, राज्याने स्थापन केलेल्या जॉइंट अंडररायटिंग असोसिएशनच्या दरावरून काढतात. त्यामुळे कंपनीने सूट दिली तरी वरच्या मजल्याचं भाडं तेवढंच राहतं. बिल समोर घे, दोन आकडे वेगळे कर आणि ५ टक्के फक्त खालच्यावर लाव.

आता जमेची बाजू. लायसन्सच्या नूतनीकरणाला तुला दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यातले १२ तास रुग्णसुरक्षा किंवा रिस्क मॅनेजमेंटचेच हवेत. प्रशिक्षण मान्यताप्राप्त असेल तर तेच तास तिथेही धरले जातात. हे बारा तास आपण सगळेच डिसेंबरात रात्री जागून, चहा ढोसत, काहीतरी बघून भरतो. मीही भरलेत. त्यातलं एक अक्षर मला आज आठवत नाही.

म्हणजे निव्वळ पैशात बघितलं तर तुझे पार्टनर बरोबर आहेत. चार तास क्लिक, सूट खिशात, दिवस वाचला. त्यांना कंजूस म्हणू नकोस, त्यांनी व्यवहार बघितला. फक्त विमा कंपनी ही सूट का देते, हे त्यांनी विचारलं नाही. पैसे सोडणारी जमात ती नव्हे.

बोस्टनला हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांचा विमा उतरवणारी क्रिको नावाची संस्था आहे. तिने २००१ मध्ये आधी भूलतज्ज्ञांना सिम्युलेशनच्या बदल्यात हप्त्यात सूट दिली आणि अनुभव चांगला आला म्हणून मग प्रसूतितज्ज्ञांकडे मोर्चा वळवला. २०२१ मध्ये त्यांच्याच नोंदींवरचा एक अभ्यास आला. सिम्युलेशन घेतलेले २९२ स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञ, घेण्याआधीचे दावे आणि नंतरचे दावे. विम्याच्या दर १०० डॉक्टर-वर्षांमागे (एक डॉक्टर एक वर्ष विम्याखाली, म्हणजे एक डॉक्टर-वर्ष) आधी ११.२ दावे होते, नंतर ५.७. जवळजवळ निम्मे. आता कंपनीचा हिशेब कळला ना? जन्माच्या वेळी झालेल्या मेंदू-इजेच्या एका दाव्यात लाखो डॉलर जातात. त्यापुढे तुझे तीन हजार म्हणजे देवळातली दक्षिणा.

पण हा आकडा मी डोळे मिटून घेत नाही, तूही घेऊ नकोस. आधी-नंतरची तुलना आहे, आणि मधल्या काळात हॉस्पिटलांत इतरही बरंच बदललं असणार. दुसरीकडे २००७ चा अभ्यास बघ. अमेरिकेतली १५ हॉस्पिटलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्म्यांना टीम-ट्रेनिंग दिलं, निम्म्यांना नाही. आई-बाळाच्या एकूण वाईट परिणामांत फरक पडला नाही. शून्य. बदललं काय, तर तातडीच्या सिझेरियनचा निर्णय झाल्यापासून सुरी लागेपर्यंतचा वेळ. ट्रेनिंग झालेल्या ठिकाणी सरासरी २१ मिनिटं, न झालेल्या ठिकाणी ३३. बारा मिनिटं कमी नाहीत, पण "ट्रेनिंग घ्या, बाळं वाचतील" इतकं सोपं प्रकरण नाही.

मग कुठे जमलं? इंग्लंडात ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलात. त्यांनी २००० पासून लेबर वॉर्डातल्या सगळ्यांना दरवर्षी एकत्र बसवलं. डॉक्टर, मिडवाइफ, भूलतज्ज्ञ, मदतनीस, झाडून सगळे, आणि तेही आपल्याच हॉस्पिटलात. ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेली बाळं १०,००० जन्मांमागे २७ होती, ती १४ च्या आसपास आली. डोकं बाहेर येऊन खांदा अडकलेल्या बाळंतपणांत बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. तोच 'प्रॉम्प्ट' अभ्यासक्रम नंतर जगभर गेला. त्यात चकचकीत काहीच नव्हतं. जे रोज एकत्र काम करतात ते एकत्र शिकले, आणि ज्या खोलीत काम करतात त्या खोलीत शिकले, एवढंच.

आता माझी गोष्ट सांगते. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही.

आमच्याकडे पहिलं ड्रिल ठरलं ते मलाही थोतांड वाटलं होतं. विषय: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. बाहुलीच्या जागी एक नर्स पलंगावर झोपली, पोटाला रबरी पिशवी बांधून. वार पडली, गर्भाशय सैल, लाल पाणी वाहतंय. मी अगदी झोकात रक्त थांबवणाऱ्या इंजेक्शनची ऑर्डर दिली, "कार्बोप्रॉस्ट आणा." एक पोरगी धावली. मिनीट गेलं, दोन गेली. ती परत आली रिकाम्या हाताने. कार्बोप्रॉस्ट फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. फ्रिजला कोडचं कुलूप. कोड दिवसपाळीच्या चार्ज नर्सला माहीत, आणि ती तेव्हा घरी जेवत होती. कुलूप कधीतरी ऑडिटच्या वेळी बसवलेलं, रात्री काय होईल हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

एवढ्यावर संपलं नाही. औषध 'आलं' असं धरून पुढे गेलो. मी सुई टोचल्याचं नाटक केलं. नंतर सगळे गोल बसलो तेव्हा कोपऱ्यातली नवी नर्स हळूच म्हणाली, "पेशंटच्या कागदावर दमा लिहिला होता." दमा असेल तर कार्बोप्रॉस्ट द्यायचं नसतं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण कागद तिने वाचला होता आणि तोंड माझं चालू होतं. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात." ते वाक्य मला अजून टोचतं.

फ्रिजचा कोड कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये सापडणार होता, सांग? त्या कोर्समध्ये कार्बोप्रॉस्टचा डोस येतो, दम्याचा प्रश्न येतो, चार पर्याय येतात, तू 'ब' वर क्लिक करतेस आणि हिरवी खूण येते. डोस तुला येतोच. तुझ्या गावचा फ्रिज कोण उघडणार, हे कुणालाच माहीत नसतं. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये प्रसूतीत बाळ दगावल्याच्या किंवा कायमची इजा झाल्याच्या ४७ घटना तपासल्या, त्यात ७२ टक्के ठिकाणी मूळ कारणांत संवादाचा गोंधळ होता.

आणि इथेच मला तुझ्या कंपनीच्या पत्रातली खोट दिसते. सूट डॉक्टरच्या नावावर आहे. सर्टिफिकेट तुझं, हप्ता तुझा. पण खांदा अडकतो तेव्हा बाईच्या मांड्या पोटाकडे दुमडून धरणाऱ्या दोन नर्स असतात, जघनाच्या हाडावर बरोबर जागी दाबणारी तिसरी, आणि घड्याळाकडे बघून "एक मिनीट झालं" असं मोठ्याने सांगणारी चौथी. तू एकटी शिकून आलीस आणि तिसरीने घाबरून पोटाच्या वरच्या भागावर दाब दिला, तर खांदा आणखी घट्ट बसतो. इंग्लंडात हे पैशाचं गणित जास्त शहाणपणाने मांडलंय. तिथे २०१८ पासून हॉस्पिटलच्या प्रसूतिविभागाच्या विमा-वर्गणीवर १० टक्के जादा घेतात, दहा सुरक्षा-अटी पूर्ण केल्या तर ते परत मिळतात. त्यातली एक अट प्रशिक्षणाची, आणि ती प्रत्येक गटातले ९० टक्के लोक शिकले पाहिजेत अशी. भूलतज्ज्ञ राहिले तर सगळ्यांचे पैसे अडकतात. तुझ्या एमकेअर कायद्यातही संस्थेला सुरक्षा-कार्यक्रमासाठी विमादरात सूट मिळण्याची तरतूद आहे, हॉस्पिटलच्या रिस्क मॅनेजरला एकदा विचार. बहुतेक वेळा ती तरतूद कायद्याच्या पुस्तकातच झोपलेली असते.

तर माझा सल्ला: अख्ख्या दिवसाचं सिम्युलेशन घे, पण एकटी जाऊ नकोस. बाहेरच्या सेंटरमध्ये फक्त डॉक्टरांना घेऊन होणारं असेल तर ते मला अर्धंच वाटतं. चौघांचे मिळून वर्षाला १२,००० च्या आत-बाहेर वाचतील. ते वाटून घेण्याऐवजी एका टेबलावर ठेवा आणि हॉस्पिटलच्या लेबर फ्लोअरच्या नर्स मॅनेजरला भेटा. नर्सेस त्यांच्या पगारी आहेत, तुझ्या ग्रुपच्या नाहीत, म्हणून त्यांचा वेळ तीच देऊ शकते. तुम्ही तुमचा वेळ द्या, प्रशिक्षकाचा आणि सामानाचा खर्च उचलायची तयारी दाखवा. मात्र हॉस्पिटलला काहीही देण्याआधी तिथल्या कंप्लायन्सवाल्यांना, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्यांना, विचारा, डॉक्टर-हॉस्पिटलमधल्या पैशाचे या देशातले नियम फार किचकट आहेत. आणि सिम्युलेशन म्हटलं की लाख डॉलरचा रोबोटच लागतो असं नाही. 'मामा नॅटली' नावाचं पोटाला बांधायचं साधं साधन मिळतं, त्यात बाळ, वार, रक्त सगळं असतं. माणूस बांधतो, म्हणून ते ओरडतं, हात पकडतं, "माझं बाळ ठीक आहे ना" असं विचारतं. रोबोटला ते जमत नाही.

पार्टनरना पटवायचं तर भाषण देऊ नकोस. त्यांना त्या दिवशी कोपऱ्यात घड्याळ धरून उभं कर. सीनियर माणसाला वेळ मोजायला दिला की तो मध्ये पडत नाही आणि सगळं बघतो. आमच्याकडचे सर्वांत मोठे साहेब असेच वळले.

आता कोर्टाची भीती. ती खोटी नाही, पण उलटी आहे. डॉक्टरने काय करायला हवं होतं, हे कोर्टात तुझ्या सर्टिफिकेटवरून ठरत नाही. त्या परिस्थितीत वाजवी डॉक्टर काय करतो यावरून ठरतं, आणि ते सांगायला दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ उभे राहतात. वकील तुला डिपॉझिशनमध्ये, म्हणजे खटल्याआधीच्या शपथेवरच्या जबानीत, विचारेल, "तुम्ही प्रशिक्षण घेतलं होतं?" हो म्हणालीस तर तो एक प्रश्न. नाही म्हणालीस, आणि वर कंपनी सूट देत असतानाही घेतलं नाही असं निघालं, तर तो पुढचे दहा प्रश्न विचारेल. चार तासांचा कोर्स अकरा मिनिटांत क्लिक करून संपवल्याचं कम्प्युटरच्या लॉगमध्ये दिसलं तर काय होईल, याचा विचार तुझ्या पार्टनरनी केलाय का?

काळजी घ्यायची ती कागदाची. ड्रिलनंतरच्या चर्चेची टिपणं, "फ्रिज उघडला नाही, अमुक बोलली नाही" असली, कुणाच्या ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर फिरता कामा नयेत. ती हॉस्पिटलच्या पेशंट सेफ्टी कमिटीच्या चौकटीत ठेवा. एमकेअर कायद्यात आणि २००५ च्या केंद्रीय रुग्णसुरक्षा कायद्यात अशा कामाला गोपनीयतेचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या वाटेने गेलेल्या कागदालाच. ती वाट तुमच्याकडे नेमकी कशी बसते ते हॉस्पिटलच्या वकिलाकडून एकदा लिहून घ्या.

खऱ्या प्रसंगाची नोंद मात्र पेशंटच्या फाइलमध्ये, त्याच दिवशी, सविस्तर. खांदा अडकला तर पुढचा खांदा उजवा होता की डावा, डोकं कधी आलं, धड कधी आलं, कोणती कृती कोणत्या क्रमाने केली, खोलीत कोण कोण होतं. "डावा" की "उजवा" हा एक शब्द राहिला म्हणून दाव्यात वर्षानुवर्षं वाद चालतो. कारण बाळाचा कोणता हात लुळा पडला आणि तो वर होता की खाली, यावर सगळं येऊन थांबतं. आणि बाळाच्या बाबतीत दावा उशिराही येतो, तुझ्या राज्यात मूल वीस वर्षांचं होईपर्यंत. वीस वर्षांनी तुला ती रात्र आठवणार नाही, कागदाला आठवेल. ड्रिलमध्ये हीसुद्धा सवय लागते. एकीच्या हातात पाटी द्या, ती फक्त वेळा लिहिते. रक्ताचंही तसंच, अंदाजाने "पाचशे मिली" म्हणायचं नाही, भिजलेली गॉज तराजूवर टाकायची, कोरड्याचं वजन वजा करायचं, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. आपण सगळे रक्त कमीच धरतो. मी तर फारच कमी धरायचे.

तुझ्या कोल्हापूरच्या बहिणीला सांग, इकडचं गणित तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले आणि तेव्हापासून प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे तिकडच्या मालप्रॅक्टिस विम्याची, पॉलिसी बऱ्याच नर्सिंग होमवाल्यांच्या कपाटात असते. पण सूट मिळायची वाट बघत बसू नकोस म्हणावं. फॉग्सी या भारतातल्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा 'मान्यता' कार्यक्रम आहे, सोळा निकषांचा, खासगी प्रसूतिगृहांसाठीच केलेला. तो करताना तिच्या आयांना आणि सिस्टरना सोबत बसवायला सांग. नर्सिंग होममध्ये रात्री पहिला हात त्यांचाच लागतो, डॉक्टर वरच्या मजल्यावरून जिना उतरत असते.

आता तुझ्यासाठी फोनवर ब्रोकरला विचारायच्या गोष्टी. सूट किती वर्षं टिकते आणि पुन्हा कधी शिकावं लागतं? दावा न झाल्याबद्दलच्या क्लेम-फ्री सवलतीबरोबर ती मिळते, की सगळ्या सवलतींना मिळून एक कमाल मर्यादा आहे? पॉलिसी क्लेम्स-मेड असेल, म्हणजे ती चालू असताना आलेल्या दाव्यांनाच लागू असेल, तर ग्रुप सोडताना नंतर येणाऱ्या दाव्यांसाठी घ्यावं लागणारं 'टेल' संरक्षण सूट धरून मोजतात की सूट सोडून? पार्टनर निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतील तर हा प्रश्न त्यांच्यासाठी जास्त महागाचा आहे. मिडवाइफना सूट लागू आहे का? नसेल तर का नाही, हेही विचार, जरा आवाज चढवून. आणि हॉस्पिटलमध्येच केलेलं टीम-ड्रिल कंपनी मान्य करते का, की त्यांच्याच यादीतलं सेंटर हवं? हे शेवटचं लेखी घे.

फोन नूतनीकरणाच्या तारखेच्या दोन महिने आधी कर. सर्टिफिकेट उशिरा पोचलं तर ५ टक्के एक वर्ष पुढे गेले असं समज. आणि पहिलं ड्रिल रात्री ठेवा, शक्यतो मंगळवार-बुधवारी, नेहमीच्या चार माणसांवर वॉर्ड चालू असताना. फ्रिज आधी तपासून ठेवू नकोस.

– ताई